सिंकिंग फंडातून पगार होत नाही

नमस्कार मंडळी. परवा मित्राकडे पोहे खाताना तो वैतागून म्हणाला, "घराचा एवढा टॅक्स भरतो आपण, तरी शाळावाले पैसे नाहीत म्हणून रडतात कसे?" आम्ही दोघं फ्रिस्कोचे, टेक्सासातल्या डॅलसच्या उत्तरेचे. तुमच्यापैकीही बरेच जण असाल.

१९९० साली या गावाची वस्ती जेमतेम सहा हजार होती. २०२० च्या जनगणनेत दोन लाख! टेक्सासात राज्याचा इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे शाळांचा मोठा भार घरपट्टीवर. या पट्टीची खाती दोन. पुण्यामुंबईच्या सोसायटीत सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेले पैसे) आणि मेंटेनन्स (रोजचा खर्च) वेगळे असतात ना, तसंच. मतदारांनी मंजूर केलेल्या बाँडमधून, म्हणजे कर्जरोख्यांतून, इमारती उभ्या राहतात, बस येतात. पण शिक्षकांचा पगार, विजेचं बिल दुसऱ्या खात्यातून. सिंकिंग फंडात कितीही शिल्लक असो, वॉचमनचा पगार त्यातून देता येत नाही.

आणि हे दुसरं खातं ठरावीक मर्यादेपुढे वाढवायचं, तर पुन्हा मतदान. ऑगस्ट २०१६ मध्ये घराच्या किमतीतल्या दर शंभर डॉलरमागे १३ सेंट जास्त मागितले, लोकांनी नाही म्हटलं. मग चार नव्या शाळा उघडणं वर्षभर पुढे ढकललं. भिंतींची सोय झाली होती, आत शिकवणाऱ्यांची नव्हती. २०१८ मध्ये लोकांनी होकार दिला. २०२४ मध्ये नव्या मागणीला पुन्हा नकार.

राज्याचं म्हणाल, तर दर मुलामागची मूळ रक्कम २०१९ पासून सहा वर्षं ६,१६० डॉलरवरच अडलेली. दरम्यान अंड्यांचे भाव कुठल्या कुठे गेले. २०२५ मध्ये ही रक्कम वाढली ५५ डॉलरनी. शिक्षकांच्या पगारवाढीसाठी निराळे पैसे दिले, हे खरं. पण ५५ डॉलरमध्ये इथे टिप धरून दोघांची थाळी होते, एवढंच.

आता जरा आपल्याच घरातलं बोलतो. टेक्सासात राज्याचे हे पैसे पटावरच्या मुलांवर नाही, रोजच्या हजेरीच्या सरासरीवर मिळतात. मूल तापाने झोपलेलं असो की चुलतभावाच्या लग्नाला साताऱ्याला गेलेलं, बाक रिकामा तो रिकामा. बाई त्याच, दिवे तेवढेच, पैसे मात्र कमी. आणि आपण? डिसेंबरमध्ये आठवडाभर आधी निघालं की तिकीट स्वस्त पडतं, म्हणून सर्रास निघतो. मीही निघालोय. "फक्त पाचच दिवस बुडतील," असं लेकीच्या बाईंना हसत सांगितलंही होतं.

यंदा शाळा सुटते त्याच शुक्रवारच्या रात्रीचं विमान घेतलंय. माणशी तीनशे डॉलर जास्त पडले. मित्र म्हणाला, "वेडा आहेस." बायकोचंही तेच मत आहे.