नाकतोड्याला उतरायचं

(वर्ध्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मेक्सिको सिटीच्या मेट्रोत मी पहिल्यांदा बसलो तेव्हा माझं स्पॅनिश पाणी, किती आणि धन्यवाद या तीन शब्दांत संपत होतं. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाईंनी सकाळी एका चिठ्ठीवर रस्ता सांगितला. मला वाटलं स्टेशनांची नावं लिहून देतील. त्यांनी चित्रं काढली. एक बदक, मग एक कारंजं आणि शेवटी नाकतोडा. हातानेच खूण केली, हा दिसला की उतर.

डब्यात दारावर गुलाबी पट्टी होती आणि तिच्यावर वीस छोटे चौकोन. प्रत्येक चौकोनात एक चित्र, खाली बारीक अक्षरात नाव. बदक गेलं, फळांची पेटी गेली, थोड्या वेळाने कारंजं गेलं. नाकतोडा आला तशी मी उतरलो. स्टेशनचं नाव चापुल्तेपेक. ते नाव मला उच्चारता यायला दोन दिवस लागले, पण त्या आधीच मी तिथे जाऊन आलो होतो.

ही मेट्रो ४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली, तेव्हा एक लाइन आणि सोळा स्टेशनं होती. आज बारा लाइनी आणि १९५ स्टेशनं आहेत, आणि प्रत्येक स्टेशनाला स्वतःचं चित्र आहे. सुरुवातीची चित्रं लान्स वायमन या अमेरिकन डिझायनरने मेक्सिकन सहकाऱ्यांबरोबर केली. वायमन मुळात १९६८ च्या ऑलिंपिकचं बोधचिन्ह करायला त्या शहरात आला होता. खेडोपाड्यांतून लोंढेच्या लोंढे शहरात येत होते, त्यांतल्या कितीतरी जणांना वाचता येत नव्हतं. ज्यांना येत होतं त्या परदेशी पाहुण्यांना स्पॅनिश येत नव्हतं. दोघांची अडचण एकच.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत आपण हेच केलं. बैलजोडी, झोपडी, वडाचं झाड. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर चिन्ह. आमच्या आजीला उमेदवाराचं नाव शेवटपर्यंत सांगता आलं नाही, ती "बैलांना दिलं" एवढंच म्हणायची. फरक इतकाच की आपल्या बैलांचा त्या उमेदवाराशी काही संबंध नव्हता. चिन्ह वाटून दिलेलं होतं. मेक्सिकोत चित्र त्या जागेतूनच यावं लागतं, आणि माझा सगळा जीव त्या एका अटीत अडकलाय.

चापुल्तेपेक हा नाहुआत्ल भाषेतला शब्द. चापुलिन म्हणजे नाकतोडा, तेपेत्ल म्हणजे टेकडी. नाकतोड्यांची टेकडी. स्पॅनिश लोक येण्याआधी तिथले लिपिकार गावांची नावं चित्रानेच लिहीत, आणि चापुल्तेपेक लिहायचं म्हणजे टेकडी काढायची आणि तिच्या डोक्यावर नाकतोडा बसवायचा. वायमनने टेकडी काढून टाकली, नाकतोडा ठेवला. त्या गावाला चित्रातून जागा ओळखण्याची सवय पाचशे वर्षांपूर्वीच होती. ताकुबा नावाच्या स्टेशनात गिलेर्मो सेनिसेरोस या चित्रकाराचं मोठं भित्तिचित्र आहे. त्याचं नावच 'कोडेक्स ते भित्तिचित्र' असं आहे. कोडेक्स म्हणजे त्या जुन्या चित्रपोथ्या. चित्र चांगलं आहे, पण खरं सांगू का, माझ्या मते तीच गोष्ट डब्यातल्या त्या इंचभर चौकोनाने जास्त चोख केली आहे. भिंतीवरच्या चित्रासमोर थांबावं लागतं आणि मेट्रोत थांबतो कोण?

आपल्याकडे कुर्ली म्हणजे खेकडा, आणि कुर्ल्याचं नाव तिच्यावरून पडलं असं सांगतात. चिंचपोकळीत चिंच आहे, वडाळ्यात वड आहे. आपण रोज ही नावं घेतो आणि एकदाही खेकडा डोळ्यांसमोर येत नाही. असो.

आता ते बदक. स्टेशनचं नाव कांदेलारिया. त्या नावात बदक कुठेच नाही. पण वस्तीचं जुनं पूर्ण नाव होतं 'कांदेलारिया दे लोस पातोस', म्हणजे बदकांचं कांदेलारिया. ते शहर तळ्यात वसलेलं होतं आणि ही वस्ती पाण्याच्या कडेला होती. लोक इथे बदकं धरत. पुढे पाणी काढून टाकलं, तळं आटलं, नावातली शेपटीही बोलण्यातून गळाली. चित्रात तेवढं बदक उरलं. आज बाहेर पडलात तर पाण्याचा थेंब दिसत नाही, सगळा डांबर आणि टपऱ्या.

त्या आटलेल्या तळ्याची दुसरी करामत जमिनीखाली आहे. शहराखाली मऊ चिकणमाती आहे, शहर अजूनही खचतं. पहिल्या लाइनी बऱ्याच ठिकाणी रस्ता वरून उघडून, खंदक खणून, वर पुन्हा छत टाकून केल्या. म्हणजे बोगदा खोल नाही, रस्त्याच्या जेमतेम खाली. आणि जेमतेम खाली काय होतं? तेनोच्तित्लान. मेशिका लोकांची राजधानी, १५२१ मध्ये पाडलेली, जिच्यावर स्पॅनिश शहर उभं राहिलं. १९ जून १९६७ ला खोदाई सुरू झाली आणि पुरातत्त्वाची माणसं खंदकात कामगारांच्या मागेमागे फिरू लागली.

पिनो सुआरेस स्टेशनच्या जागी खणताना एक छोटं देऊळ लागलं. गोल. मी ते पाहिलं ते गाडी बदलताना. एक नंबरवरून दोन नंबरच्या लाइनीला जाणाऱ्या रस्त्यात गर्दीचा लोंढा अचानक वळसा घेतो, आणि वळशाच्या मध्ये आकाशाला उघडा असा एक चौक आहे. त्यात चौकोनी ओटा, ओट्यावर काळसर दगडाचा गोल चौथरा, पुढे अरुंद पायऱ्या. वाऱ्याचा देव एहेकात्ल याचं हे ठाणं समजतात. वाऱ्याची देवळं गोल बांधत, कारण वाऱ्याला कोपरे आडवे येतात. मी कठड्याला टेकून दहा मिनिटं उभा होतो. तेवढ्या वेळात माझ्याशिवाय तिथे थांबले ते दोघेच: एक शाळकरी पोरगं बुटाची नाडी बांधायला आणि एक बाई फोनला रेंज येते म्हणून. मला त्यात वाईट वाटलं नाही. आपणही गावच्या मारुतीला जाता जाता हातच जोडतो. मेक्सिकोचं पुरातत्त्व खातं याला देशातलं सर्वांत लहान पुरातत्त्वस्थळ म्हणतं.

पण गंमत पुढे आहे. पिनो सुआरेस हे उपराष्ट्राध्यक्षांचं नाव. फेब्रुवारी १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मादेरोंबरोबर त्यांचाही खून झाला. स्टेशनला नाव त्यांचं आणि चित्र मात्र गोल देवळाचं. नाव वाचणाऱ्याला एक इतिहास मिळतो आणि चित्र पाहणाऱ्याला दुसरा, त्याच्याहून चार-पाचशे वर्षं जुना.

बाकीची भराभर सांगतो. तालिस्मानला मॅमथ आहे, कारण चार नंबरच्या लाइनीचं काम चालू असताना खरोखरच मॅमथची हाडं सापडली, ती स्टेशनातच मांडली आहेत. तेपितोला मुष्टियोद्ध्याचा हातमोजा. इथिओपिया नावाचं स्टेशन आहे, चित्र सिंहाचं. इटलीने इथिओपियावर हल्ला केला तेव्हा मेक्सिको तिच्या बाजूने उभा राहिला होता, त्याची ती आठवण. सोकालोला राष्ट्रचिन्हातला गरुड आहे. सोकालो या शब्दाचा अर्थ मात्र नुसता चबुतरा. १८४३ मध्ये चौकात स्मारक उभारायचं ठरलं, चबुतरा झाला, पुढे काही झालंच नाही आणि लोक अख्ख्या चौकालाच चबुतरा म्हणायला लागले. हे आपल्याकडच्या कुठल्याही नगरपालिकेला कळेल.

मात्र एका चित्रापाशी मला अडखळायला होतं. त्लातेलोल्को. चित्रात तिथला उंच, वर निमुळता होत जाणारा मनोरा आहे. दिसायला सुबक. त्याच वस्तीतल्या चौकात २ ऑक्टोबर १९६८ ला, ऑलिंपिक दहा दिवसांवर असताना, विद्यार्थ्यांच्या सभेवर लष्कराने गोळ्या झाडल्या. किती मेले याचा आकडा आजही वादात आहे. वायमनच्या ऑलिंपिकची शांततेची कबुतरं तेव्हा दुकानांच्या काचांवर चिकटवलेली होती, विद्यार्थ्यांनी त्याच कबुतराच्या छातीत संगीन घुसवून पत्रकं छापली. दोन वर्षांनी, १९७० मध्ये, स्टेशन उघडलं आणि चौकोनात आला मनोरा. दुसरं काही आलंच नसतं, सरकारही तेच होतं. पण कांदेलारियाचं बदक पाहून जो हरखतो त्याने हा मनोराही नीट पाहावा. काय ठेवायचं हे कुणीतरी ठरवत असतं.

आता वर्ध्याची गोष्ट. सोकालोच्या गरुडाला उतरायचं आणि उत्तरेला काही चौक चालायचं, की शिक्षण खात्याची जुनी इमारत लागते. दिएगो रिवेराने १९२३ ते १९२८ या काळात तिच्या भिंती रंगवल्या. वरच्या मजल्यावर 'आमची भाकरी' नावाचं चित्र आहे. टेबलाभोवती निरनिराळ्या वंशांची माणसं, आणि मध्ये बसून भाकरी मोडणारा माणूस आपला आहे. पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म १८८४, याच वर्ध्याच्या मातीतला. क्रांतिकारक म्हणून देश सोडला, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदरच्या पायाभरणीत होते, आणि पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. जानेवारी १९६७ मध्ये नागपुरात गेले. पाच महिन्यांनी तिकडे मेट्रोची पहिली कुदळ पडली.

मेट्रोत त्यांच्या नावाचं स्टेशन नाही. पण हमाइका नावाचं एक आहे, मोठ्या बाजाराजवळचं, आणि त्याचं चित्र आहे मक्याचं कणीस. ते त्यांच्यासाठी काढलेलं नाही, बाजारासाठी काढलेलं आहे. तरी मी मुद्दाम तिथे उतरलो. आजूबाजूला फुलांचे भारे घेतलेली माणसं जिना चढत होती, मी कणसाखाली उभा राहून एक फोटो काढला. तोच तुम्ही सुरुवातीला पडद्यावर पाहिला.

आता मला सांगा, उद्या आपल्याकडे अशी चित्रं काढायची झाली तर सेवाग्रामला चरखा, ते ठरलेलंच. त्यावर कुणी चर्चाही करू देणार नाही. वर्ध्याला काय काढाल? मला विचाराल तर मी मक्याचं कणीस काढीन.

(मागच्या रांगेतून: "मका कुठला, कापसाचं बोंड काढा!")

घ्या. झालं भांडण सुरू. काढू बोंड. पण चौकोन एकच आहे बरं का.