तेलाच्या देशात बंद गिरण्या

(दृश्य: कडूना शहर. गिरणीचं गंजलेलं फाटक, आत वाढलेलं गवत.)

हे कडूना, उत्तर नायजेरियातलं गिरण्यांचं शहर. 1957 मध्ये इथे 'कडूना टेक्स्टाइल्स' सुरू झाली. ती 2002 मध्ये बंद पडली. 2007 मध्ये 'युनायटेड नायजेरियन टेक्स्टाइल्स'ही थांबली आणि चार हजारांवर कामगार घरी बसले. ती तीन वर्षांनी परत सुरू झाली खरी, पण पूर्वीची रया आली नाही.

या पडझडीच्या आधी, 1 जानेवारी 1995 ला, नायजेरिया जागतिक व्यापार संघटनेचा संस्थापक सदस्य झाला होता.

व्यापार करार म्हणजे देवाणघेवाण. तुम्ही आमच्या मालावरचं आयातशुल्क उतरवा, आम्ही तुमच्या मालावरचं उतरवतो. पण नायजेरियाकडे विकायला होतं काय? मुख्यतः कच्चं तेल. त्यावर बहुतेक देश आधीच नाममात्र शुल्क लावतात, कित्येक लावतही नाहीत. ज्याला तेल हवंय, तो ते दारात कशाला अडवेल? म्हणजे घेण्यासारखं फारसं नव्हतंच. द्यायची होती ती आपली बाजारपेठ. त्यात तेलाचे डॉलर आले की नायरा, म्हणजे नायजेरियाचं चलन, वधारतो आणि बाहेरचं कापड आणखी स्वस्त पडतं.

सगळं खापर करारावर फोडणं मात्र सोयीचं आहे, खरं नाही. वीज बेभरवशाची. गिरण्यांचे बॉयलर चालायचे ते काळ्या इंधन तेलावर, आणि ते परवडेना. तेही कुठे, तर ज्या शहरात सरकारचा स्वतःचा तेलशुद्धीकरण कारखाना उभा आहे तिथे! शिवाय शेजारच्या बेनिनमधल्या कोटोनू बंदरातून चोरवाटांनी चिनी कापड यायचं, काठावर नायजेरियन गिरणीचा छाप मारून. चोरट्या मालाला कुठला करार लागतो?

(दृश्य: नायजेरिया-बेनिन सीमेवरचा सेमे सीमानाका, ट्रकांची रांग.)

म्हणूनच मार्च 2018 मध्ये रवांडाच्या राजधानीत, किगालीत, आफ्रिकी मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या, तेव्हा नायजेरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुहारी गेलेच नाहीत. देशातले कारखानदार आणि कामगार संघटना बिथरल्या होत्या. अखेर 7 जुलै 2019 ला नायजरच्या राजधानीत, नियामेत, बुहारींनी सही केली. त्याच दिवशी बेनिननेही केली. आणि ऑगस्टमध्ये, शाई वाळते न वाळते तोच, नायजेरियाने बेनिनची सीमा मालासाठी बंद केली. कारण सांगितलं तांदळाच्या तस्करीचं. ती उघडायला डिसेंबर 2020 उजाडला.

त्या वर्षी नायजेरियाच्या निर्यातीचा तीन चतुर्थांशाहून मोठा वाटा कच्च्या तेलाचाच होता.

(दृश्य: लेक्की, समुद्रकिनारा.)

आता लागोसजवळ नायजेरियन उद्योगपती अलिको डांगोटे यांचा तेलशुद्धीकरण कारखाना चालू झालाय. क्षमता रोज साडेसहा लाख पिंपांची. तिथलं शुद्ध केलेलं इंधन आफ्रिकेतल्या इतर देशांतही जाऊ लागलंय. कच्च्या तेलापलीकडचं काही विकायला असलं, तरच करारातली सवलत कामी येते.

कडूनाच्या बाजारात टांगलेलं कापड मात्र अजूनही बहुतेक बाहेरचंच.