गॅलरीतला कुत्रा आणि सोसायटीचा अर्ज

रात्रीचे पावणेदोन. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कुत्रा भुंकतोय. समोरच्या विंगमध्ये कुणीतरी मोबाईलवर डेसिबल मोजतंय. आकडा ७५. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ची. तक्रार पक्की, असंच वाटणार.

पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत मर्यादा सरासरीची आहे, एखाद्या क्षणाची नाही. आणि आवाजाच्या पातळीवर तक्रार करायची, तर ती मर्यादेहून किमान १० डेसिबल जास्त लागते. हिशोब करून बघा. एक भुंकणं अर्ध्या सेकंदाचं, मिनिटाला २०, असं १० मिनिटं. झाले १०० सेकंद. ७५चा हा आवाज रात्रीच्या ८ तासांवर पसरला की सरासरी येते जेमतेम ५०. हवे होते ५५. झोप मात्र कधीच गेलेली असते.

म्हणून कामाला येते भुंकण्याच्या नोंदींची वही. तारीख, सुरू, बंद, आणि त्या वेळी काय घडलं. शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि नेमकं उत्तर तिथंच असतं. ‘१:४२, वॉचमनची शिट्टी.’ ‘६:५०, घंटागाडी.’ ‘१०:१५, मालक बाहेर पडले.’

दोन आठवड्यांत कारण कळतं. शिट्टीला भुंकत असेल, तर वॉचमनच्या हाती टॉर्च द्या. खालची माणसं बघून भुंकत असेल, तर रात्री घरात घ्यायचं आणि कठड्याला तळापासून हिरवी शेडनेट बांधायची. मालक गेल्यावर लगेच सुरू होत असेल, तर बहुधा एकटेपणाचा त्रास. ओरडून तो वाढतोच. निघण्याआधी चांगलं फिरवून आणायचं आणि ५ मिनिटांपासून एकटं राहायची सवय लावायची.

वही घेऊन आधी मालकाकडे जायचं, तेही दिवसा. ‘आमचा नाही हो भुंकत,’ असं ते म्हणतील. खोटं बोलत नसतात बिचारे. एकटेपणानं भुंकणारा कुत्रा ते घरात असले की गप्प असतो. रेकॉर्डिंग ऐकवा.

जमलं नाही, तर सेक्रेटरीकडे लेखी अर्ज. पोच घ्यायची. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमतानंही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही. मात्र सतत भुंकणं, विशेषतः रात्रीचं, आवरायचा प्रयत्न मालकानं करावा, असंही तिथंच म्हटलंय. त्यामुळे ‘कुत्रा हटवा’ लिहिलेला अर्ज अडकतो. ‘रात्री १०नंतर गॅलरीत ठेवू नये’ एवढंच मागा, त्यावर सेक्रेटरीला पत्र काढता येतं.

पुढची पायरी पोलीस ठाणं. सार्वजनिक उपद्रवासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २९२, दंड १००० रुपयांपर्यंत. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही. बहुतेक वेळा समज देऊन भागतं.

गेटबाहेरच्या कुत्र्यांचं गणित वेगळं. भुंकतात म्हणून त्यांना उचलून दुसरीकडे सोडता येत नाही. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्याच भागात परत आणतात. विषाचं तर नावही काढू नका, न्याय संहितेच्या कलम ३२५खाली ५ वर्षांपर्यंत कैद आहे. खाणं घालायची जागा प्रवेशद्वार आणि जिन्यापासून लांब ठरवा. आणि टोळक्याचे कान बघा. शस्त्रक्रिया झालेल्याच्या कानाला खाच असते. खाच नसलेला दिसला, की फोटो, गल्ली आणि तो तिथे सापडायची वेळ महापालिकेच्या तक्रारीत टाका. वेळ नसली, तर गाडी येऊन रिकामी जाते.