सुडाला स्थगिती: अमेरिकेतलं एक छोटं कार्यालय

नमस्कार. विषय कायद्याचा असला तरी मी सुरुवात हिशेबाने करतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारात २० लाखांहून जास्त नागरी कर्मचारी आहेत. त्यांच्यातल्या कुणी आपल्याच खात्यातला गैरकारभार उघड केला आणि त्यापायी त्याची बदली झाली, नोकरी गेली, तर त्याने दाद मागायची ती ‘ऑफिस ऑफ स्पेशल काउन्सेल’कडे. २०२४च्या आर्थिक वर्षात या कार्यालयाच्या वाट्याला साधारण ३ कोटी १६ लाख डॉलर आले. भागाकार करा: माणशी वर्षाला सोळा डॉलरही नाहीत. (अमेरिकी निवडणुकीतल्या रशियाच्या हस्तक्षेपाची चौकशी करणाऱ्या रॉबर्ट म्युलर यांच्यामुळे गाजलं ते स्पेशल काउन्सेल पद निराळं, एका चौकशीपुरतं नेमलेलं. नावं सारखी असल्याने तिथलेही लोक फसतात.)

१९७८च्या कायद्याने हे कार्यालय जन्माला आलं, १९८९मध्ये स्वतंत्र झालं, २०१२मध्ये जागल्यांना मिळणारं संरक्षण आणखी वाढलं. इतिहास एवढा पुरे. कामाकडे वळू.

कुणी गैरप्रकाराची माहिती दिली, तर त्या आरोपाचा तपास हे कार्यालय स्वतः करत नाही. माहितीत तथ्य असण्याची दाट शक्यता दिसली, की ती त्याच खात्याच्या प्रमुखाकडे जाते आणि ६० दिवसांत अहवाल मागवला जातो. म्हणजे ज्याच्यावर बोट, त्यालाच चौकशी करायला सांगायचं! पण मेख पुढे आहे. त्या अहवालावर माहिती देणाऱ्याला आपला अभिप्राय लिहिता येतो आणि दोन्ही कागद राष्ट्राध्यक्षांकडे आणि काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, जातात. गुळमुळीत अहवाल लिहिणाऱ्या खात्याला हे ठाऊक असतं.

सुडाच्या तक्रारीचा तपास मात्र कार्यालयाचे लोक स्वतः करतात. माझ्या मते त्यांच्या हातातलं सगळ्यात मोलाचं हत्यार म्हणजे स्थगिती. बडतर्फीचा आदेश आला, की ‘मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्ड’कडे, म्हणजे सरकारी नोकरीतल्या अशा वादांचा निवाडा करणाऱ्या मंडळाकडे, जाऊन तो ४५ दिवस रोखून धरायची मागणी करता येते, पुढे मुदत वाढवूनही घेता येते. याचं महत्त्व समजून घ्या. पगार थांबलेला माणूस घराचे हप्ते भरत असतो, स्वतःच्या खिशातून वकील देत असतो. खात्याचा वकील सरकारी पगारावर असतो, त्याला घाई नसते. उशिराचा फायदा फक्त एकाच बाजूला. तपास करणारे कमी पडले की फाइल महिनोन्महिने पडून राहते आणि शेवटी माणूस मिळेल त्या तडजोडीवर सही करून निघून जातो. कायद्याचा एक शब्दही बदलावा लागत नाही. बजेट म्हणजे इथे वेळ, दुसरं काही नाही.

आणि पैसा असूनही घोडं अडतं. या बोर्डाकडे जानेवारी २०१७पासून मार्च २०२२पर्यंत गणपूर्तीच नव्हती. त्यातली शेवटची तीन वर्षं तर एकही सदस्य नव्हता! स्थगिती मागायची कुणाकडे? साडेतीन हजारांहून जास्त प्रकरणं तुंबली.

बजेटचं समर्थन करताना बचतीचे आकडे दिले जातात, आणि ते दमदार आहेत. होमलँड सिक्युरिटी खात्यातल्या ओव्हरटाइमच्या गैरवापराची तक्रार या कार्यालयाने २०१३मध्ये राष्ट्राध्यक्षांपुढे मांडली. पुढच्या वर्षी याच खात्यातल्या सीमा गस्ती दलाच्या पगाराचा कायदा बदलला. वर्षाला १० कोटी डॉलरपर्यंत वाचतील असा अंदाज होता. कार्यालयाचं तेव्हाचं बजेट २ कोटींच्या आसपास. पण मला हा युक्तिवाद पुरता पटत नाही. डोव्हर हवाई तळावरच्या शवागारात सैनिकांच्या अवशेषांची हेळसांड होत होती, ती तिथल्याच कर्मचाऱ्यांनी उघड केली आणि त्याबद्दल त्यांना त्रास दिला गेला. २०११मध्ये प्रकरण बाहेर आलं. त्यात किती डॉलर वाचले? कदाचित एकही नाही. मग ते काम कमी मोलाचं ठरवायचं का?

दुसरी मेख खुर्चीची. या कार्यालयाचा प्रमुख म्हणजे स्पेशल काउन्सेल, त्याची मुदत पाच वर्षांची. कायद्याप्रमाणे त्याला अकार्यक्षमता, कर्तव्यातली कसूर किंवा गैरवर्तन यांखेरीज काढता येत नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तेव्हाचे स्पेशल काउन्सेल हॅम्प्टन डेलिंजर यांना कारण न देता काढलं. डेलिंजर कोर्टात गेले, खालच्या कोर्टात जिंकले. ५ मार्चला त्यांच्याच मागणीवरून बोर्डाने कृषी खात्याने काढलेल्या पाच हजारांहून जास्त प्रोबेशनवरच्या (अजून कायम न झालेल्या) कर्मचाऱ्यांना ४५ दिवसांसाठी परत घ्यायला लावलं. त्याच दिवशी अपील कोर्टाने डेलिंजर यांना हटवण्याची वाट मोकळी केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी लढा सोडला. पुढच्या काही आठवड्यांत, नव्या नेतृत्वाखाली, कार्यालयाने प्रोबेशनवरच्या कर्मचाऱ्यांच्या तक्रारी पुढे न चालवायचं ठरवलं. या सगळ्यात बजेटचा प्रश्न कुठेच आला नाही.