पंचविसावा रुग्ण कुठे गेला?

नमस्कार श्रोतेहो. ठाणे, नवी मुंबईतल्या कॉलेजांतून, वैद्यकीय संस्थांतून निघणाऱ्या संशोधनपत्रिकांचं संपादन बहुधा तास संपवून, ओपीडी आटोपून उरलेल्या वेळात होतं. विचारायला जवळ कुणी नसतं. आजचं बोलणं अशा संपादकांसाठी.

समजा, औषधाच्या चाचणीवरचा लेख आलाय. एका गटात 25 रुग्ण होते, असं लिहिलंय. तक्ता सांगतो, त्यातल्या 37.5 टक्क्यांना आराम पडला. हे जमत नाही. पंचविसांतला एक रुग्ण म्हणजे 4 टक्के. 9 जण बरे झाले तर 36, 10 झाले तर 40. मधला आकडा येणारच नाही. आता 9 ला 24 ने भागा. बरोबर 37.5! बहुधा एक रुग्ण मधेच गळला आणि ते लिहायचं राहिलं. म्हणून शुद्धलेखनाला हात लावण्याआधी कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

मग लेखकाला पत्र. त्यात आरोपाचा सूर नको. कुठल्या तक्त्यातला कुठला आकडा जुळत नाही ते लिहा, मूळ नोंदी मागवा, उत्तराला मुदत द्या. खुलासा पटला नाही, तरच त्याच्या संस्थेला कळवा. अशा प्रसंगी काय करायचं, याचे टप्प्याटप्प्याचे तक्ते 'कोप' या, संशोधन-प्रकाशनातल्या नीतिमत्तेसाठीच्या समितीने केलेत. 1997 मध्ये ब्रिटनमधल्या वैद्यकीय संपादकांनी ती सुरू केली. सभासदत्वाला पैसे पडतात, तक्ते मात्र सगळ्यांना मोफत आहेत. वैद्यकीय संपादकांच्या 'वेम' या जागतिक संघटनेत तर फुकट सभासद होता येतं. जरूर व्हा, अडलेला प्रश्न दुसऱ्या संपादकापुढे मांडता येणं फार मोलाचं असतं.

गळालेल्या रुग्णांचा हिशेब 'कॉन्सॉर्ट'च्या, म्हणजे चाचणीचा अहवाल कसा लिहावा याच्या नियमावलीतल्या, आकृतीत मांडायला लावा: किती आले, किती निवडले, किती सुटले आणि का. चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांकही मागा. नोंदणीची तारीख पहिला रुग्ण घेण्याच्या आधीची हवी.

शेवटी संदर्भयादी. मागे घेतलेल्या लेखांवर नजर ठेवणाऱ्या 'रिट्रॅक्शन वॉच'ची सूची 2023 पासून क्रॉसरेफ या, लेखांना डीओआय हे ओळखक्रमांक देणाऱ्या संस्थेने सर्वांना खुली केली आहे. तीत एखादा संदर्भ सापडला, तर लेखकाला एवढंच विचारा: हा काढला, तर तुमचा निष्कर्ष टिकतो का?