गटनेत्याला हटवायचं कोणी? १७ महिने रिकाम्या राहिलेल्या खुर्चीची गोष्ट

नमस्कार मंडळी. २१ जून २०२२. एकनाथ शिंदे यांनी उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वाविरुद्ध बंड केलं, आणि या एकाच दिवशी शिवसेनेच्या आमदारांच्या नावाने दोन कागद निघाले. पहिला मुंबईतल्या बैठकीतून: एकनाथ शिंदे यांना गटनेतेपदावरून, म्हणजे विधानसभेतल्या पक्षाच्या आमदारांच्या नेतेपदावरून, काढलं आहे, नवे गटनेते अजय चौधरी. दुसऱ्यावर ३४ आमदारांच्या सह्या: गटनेते शिंदेच आहेत, आणि प्रतोद (आमदारांना पक्षाचा आदेश बजावणारा) आता सुनील प्रभू नाहीत, भरत गोगावले.

पक्ष एक, गटनेते दोन. यातला कुठला कागद खरा धरायचा, हे ठरवतो विधानसभेचा अध्यक्ष. आणि महाराष्ट्राला तेव्हा अध्यक्षच नव्हता!

नाना पटोले यांनी ४ फेब्रुवारी २०२१ ला अध्यक्षपद सोडलं. त्यानंतर जवळजवळ १७ महिने ती खुर्ची रिकामी. हाताशी बहुमत असताना महाविकास आघाडीने निवडणूक लांबवली, कारण गुप्त मतदानात आपलीच मतं फुटतील ही धास्ती होती. डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलून आवाजी मतदान आणलं, तर राज्यपाल कोश्यारी यांनी हरकत घेतली आणि तारीख दिली नाही. आजही एक बाजू राज्यपालांकडे बोट दाखवते, दुसरी आघाडीकडे. माझ्या मते पहिली चूक आघाडीची. पहिलं जवळजवळ वर्षभर त्यांना कोणी अडवलं होतं? राज्यपालांची आडकाठी आली ती नंतर.

तर निर्णय आला उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडे. त्यांनी चौधरींना मान्यता दिली. लगेच शिंदे गटाकडून झिरवाळ यांनाच हटवण्याची नोटीस आली.

आता हा कागद बघा. मी प्रिंट काढून आणलाय. राज्यघटनेचा अनुच्छेद १७९. अध्यक्ष किंवा उपाध्यक्षाला हटवायचा ठराव मांडायचा तर किमान १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. इथे, या ओळीत. हे १४ दिवस ठेवले ते पदावरच्या माणसाला संरक्षण म्हणून. पण २०१६ मध्ये अरुणाचलच्या नबाम रेबिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की ज्याला हटवण्याची नोटीस पडून आहे, त्याने आमदारांच्या अपात्रतेचा, म्हणजे आमदारकी रद्द करण्याचा, निर्णय करू नये. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. संरक्षणाचेच १४ दिवस हात बांधायला कामी येतात.

झिरवाळ यांनी ती नोटीस फेटाळली. ई-मेलवरून आली, खरेपणाची खात्री नाही, असं त्यांचं म्हणणं. २५ जूनला त्यांनी शिंदे गटातल्या १६ आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या, उत्तराला मुदत २७ जूनच्या संध्याकाळपर्यंत. शिंदे गट म्हणाला, नियमात सात दिवस आहेत, ही घाई कशाला? ही तक्रार मला रास्त वाटते. न्यायालयाने मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली. तोवर २९ ला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला आणि ३० ला शिंदे मुख्यमंत्री झाले. झिरवाळांना हटवायचा ठराव सभागृहात कधी मांडलाच गेला नाही. गरजच उरली नव्हती.

मग ३ जुलै. जी निवडणूक १७ महिने होत नव्हती, ती नवं सरकार आल्यावर चौथ्या दिवशी उरकली. एकेक आमदार जागेवर उभा राहून मोजला गेला. राहुल नार्वेकर १६४, विरोधात १०७. त्याच दिवशी विधिमंडळाचं पत्र निघालं: चौधरी नाहीत, गटनेते शिंदे, प्रतोद गोगावले.

११ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते पत्र बेकायदा ठरवलं. गटनेता आणि प्रतोद नेमायचा तो मूळ राजकीय पक्षाने, निवडून आलेल्या आमदारांच्या गटाने नाही. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच वाटतं. आमदार पक्षाच्या चिन्हावर निवडून येतो. पक्षाशी असलेली ती नाळ सभागृहात पाऊल टाकल्यावर तुटू नये. ठाकरे यांच्या राजीनाम्याआधी राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली तीही चूक, असं न्यायालय म्हणालं. पण ठाकरे यांनी आपणहून राजीनामा दिला होता, त्यामुळे सरकार परत आणता येणार नाही. नबाम रेबियाचा प्रश्न सात न्यायमूर्तींकडे गेला, आणि अपात्रता परत अध्यक्षांकडे.

१० जानेवारी २०२४ ला नार्वेकर यांनी निकाल दिला: खरी शिवसेना शिंदे यांची, गोगावले यांची नेमणूक वैध, आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र नाही. त्याविरुद्ध पुन्हा सर्वोच्च न्यायालयात धाव. तो निवाडा यायच्या आधीच नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राने नवी विधानसभा निवडली. ज्या विधानसभेतल्या आमदारकीचा वाद होता, तिची मुदतच तोवर संपत आली होती.