सहा महिने सोबर राहून दाखवा, मग बघू

मंडळी, आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. ट्रान्सप्लांटच्या टीममध्ये एक बाई असते जी फाइल घेऊन बसते, घरच्यांना एकेकाला आत बोलावते आणि पैसे कुठून येणार, डोनर कोण, घरी बघणारं कोण असले नको ते प्रश्न विचारते, ती मी. मेडिकल सोशल वर्कर. आयोजकांनी 'अवयवदान आणि समाज' असा ऐसपैस विषय दिलाय, पण त्यावर दर ऑगस्टला भाषणं होतात, शपथा होतात, पोस्टरं लागतात, म्हणून मी आज त्यातला एकच प्रश्न घेऊन आलेय. दारूने लिव्हर गेलेल्या माणसाला दुसरं लिव्हर द्यायचं का, आणि द्यायचं तर त्याने आधी किती दिवस दारू सोडलेली पाहिजे.

मनातल्या मनात उत्तर तयार असतं ना? "पिताना आम्हाला विचारलं होतं का?" हेच. लाजू नका, जगभर तेच आहे. 1998 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक पाहणी आली होती, त्यात सामान्य लोक, फॅमिली डॉक्टर आणि पोटाचे स्पेशालिस्ट अशा तिघांसमोर वेगवेगळे पेशंट ठेवले आणि विचारलं, लिव्हर कमी आहेत, आधी कुणाला द्याल? दारूवाला तिथेही मागेच पडला.

आता हा सहा महिन्यांचा नियम. आमच्याकडे सगळे त्याला 'सिक्स मंथ रूल'च म्हणतात. त्याची गोष्ट अमेरिकेतली आहे. तिथे डेन्व्हरला थॉमस स्टार्झल नावाच्या सर्जनने 1963 मध्ये लिव्हर बदलायचा पहिला प्रयत्न केला, आणि वर्षाच्या वर जगलेला पहिला पेशंट 1967 सालचा. 1983 मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने ठरवलं की हे ऑपरेशन आता प्रयोग राहिलेलं नाही, आणि दारूवाल्यांपैकी ज्यांनी दारू सोडलीय अशा मोजक्या लोकांचा विचार करायला हरकत नाही. मग 1988 मध्ये स्टार्झलच्याच टीमने दाखवून दिलं की हे पेशंट ऑपरेशननंतर बाकीच्यांइतकेच जगतात. झालं, रांग वाढली, लिव्हर तेवढेच, आणि भांडण सुरू. 1997 मध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या बैठकीत यादीत नाव घालायचे किमान निकष ठरले, त्यात सहा महिने दारू बंद हा एक. तिथून तो जगभर पसरला आणि आपल्याकडेही आला.

सहाच का? दोन कारणं सांगतात. पहिलं अगदी खरं आहे. दारू थांबली की लिव्हर कधीकधी असं सावरतं की ट्रान्सप्लांट लागतच नाही. दर आठवड्याला पोटातलं पाणी काढायला येणारे, काविळीने डोळे पिवळेधमक झालेले लोक चार-पाच महिन्यांनी स्वतःची रिक्षा चालवत फॉलोअपला आलेले मी बघितलेत. अशा माणसाला घाईने कापणं चूकच. पण ही जी सुधारणा व्हायची ती बरीचशी पहिल्या तीनेक महिन्यांत दिसून येते. दुसरं कारण म्हणजे, सहा महिने राहिला तर पुढेही राहील. इथे गडबड आहे. जितके जास्त दिवस सोबर तितकं चांगलं, हे बरोबर, पण सहाव्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला काही जादू होत नाही, ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट, त्याच्या मीटिंगला जाणारा कुणीही सांगेल की पाच वर्षांनीसुद्धा लोकांची स्लिप होते, म्हणजे पुन्हा ग्लास हातात येतो. कॅलेंडर बघून निकाल देणं म्हणजे हजेरीपट बघून मार्क देण्यासारखं आहे.

आणि काही जणांना सहा महिने मिळतच नाहीत. अल्कोहोलिक हेपटायटिसचा, म्हणजे दारूने लिव्हरला सूज येण्याचा, जोरदार झटका येतो तेव्हा स्टेरॉइड देतात, आठवड्याभरात कळतं की लागू पडतंय की नाही, नाही पडलं तर अशांपैकी साधारण सत्तर टक्के सहा महिन्यांच्या आत जातात. त्यांना "सहा महिन्यांनी या" म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. फ्रान्स-बेल्जियमच्या डॉक्टरांनी हा नियम बाजूला ठेवून बघितलं. 2011 मध्ये त्यांनी 26 पेशंटचे निकाल छापले, सहा महिन्यांनी त्यातले 77 टक्के जिवंत, आणि तशाच आजाराचे पण ट्रान्सप्लांट न झालेले फक्त 23 टक्के. पुढे दारूकडे वळले तिघं. आता लगेच टाळ्या नकोत, कारण त्यांनी निवड फार कडक केली होती, लिव्हरचा पहिलाच झटका, घरचे पाठीशी, टीममधल्या सगळ्यांचं एकमत, अशी चाळण लावल्यावर शंभरातले दोनसुद्धा उरले नव्हते. नंतर 2018 मध्ये अमेरिकेतल्या 12 सेंटर्सनी 147 पेशंटचं सांगितलं, तीन वर्षांनी 84 टक्के जिवंत, पण तोवर साधारण तिघांतल्या एकाने कधी ना कधी ग्लास उचललाच होता, आणि 17 टक्के नेमाने प्यायला लागले होते. दोन्ही आकडे एकत्र सांगायचे, एक लपवून दुसरा सांगायचा नाही, असं मला वाटतं. युरोपच्या लिव्हर संघटनेने 2018 मध्ये आणि अमेरिकेच्या संघटनेने पुढच्या वर्षी लिहून टाकलं की नुसत्या सहा महिन्यांवर निर्णय घेऊ नका.

लोक मला हमखास जॉर्ज बेस्टचं नाव ऐकवतात. मोठा फुटबॉलर, 2002 मध्ये लंडनला लिव्हर मिळालं, पुन्हा प्यायला लागला, 2005 मध्ये गेला. खरंय. पण मग मिकी मँटलचंही ऐका. अमेरिकन बेसबॉलचा हिरो, 1995 च्या जूनमध्ये डॅलसला त्याचं ट्रान्सप्लांट झालं, नंबर एक-दोन दिवसांत लागला म्हणून देशभर ओरड, बेवड्याला लिव्हर दिलं म्हणून ओरड. माणसाने 1994 च्या सुरुवातीलाच दारू सोडलेली होती! सहा महिन्यांच्या नियमात तो आरामात बसत होता. ऑगस्टमध्ये वारला तो पसरलेल्या कॅन्सरने. म्हणजे नियम पाळलेल्याला पण शिव्याच. त्यावरून मला वाटतं की लोकांचा राग सहा महिन्यांनी शांत होणारा नाहीच, तो वेगळाच राग आहे.

दुसरं एक बघा. उंदीर मारायचं पिवळ्या फॉस्फरसचं औषध खाऊन मुलं-मुली येतात, लिव्हर काही दिवसांत बसतं. इंग्लंडमध्ये तेच पॅरासिटामॉलच्या गोळ्यांचं. तेही स्वतःच्याच हाताने केलेलं असतं ना? पण तिथे कुणी म्हणत नाही की सहा महिने आयुष्यावर प्रेम करून दाखव, मग नंबर लावू. मानसोपचार तज्ज्ञ बघतात, घरच्यांशी बोलतात आणि तातडीच्या यादीत घालतात. वडापाव, डायबेटिस आणि बसून राहण्याने फॅटी लिव्हर झालेल्यालाही कुणी दारात अडवत नाही. दारूवाल्यालाच आधी चारित्र्याचा दाखला आणायला लावतात.

पण खरं तर मला बोलायचंय ते यापुढचं.

अमेरिकेतला सगळा वाद एका गोष्टीवर उभा आहे, की लिव्हर सगळ्यांच्या मालकीचं आहे. कुणीतरी अनोळखी माणूस गेला, त्याच्या घरच्यांनी दान केलं, आता ते कुणाला द्यायचं हे समाजाने ठरवायचं. आपल्याकडे 2023 साली अख्ख्या देशात मृत्यूनंतर अवयवदान झालं ते सुमारे 1100 जणांचं. एवढ्या मोठ्या देशात! त्यामुळे आपल्याकडे लिव्हर बहुतेक वेळा जिवंत माणसाचं येतं, आणि 1994 च्या कायद्याने तो सहसा जवळचा नातेवाईक असावा लागतो, म्हणजे आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, नंतर दुरुस्तीत आजी-आजोबा आणि नातवंडं आली. प्रत्यक्षात? दारू पिणारा नवरा आणि डोनर बायको. देशभरात अवयव मिळालेल्यांमध्ये पाचातले चार पुरुष आहेत, आणि जिवंतपणी देणाऱ्यांमध्ये बायकाच जास्त. इथे रांग मोडली, दुसऱ्याचा हक्क मारला वगैरे काही नसतं, लिव्हर घरातूनच निघतं. म्हणून काही जण म्हणतात, मग हरकत काय, बायको देतेय, घेऊ दे.

एक बाई सांगते, ओळख पटेल असं काही न सांगता. नवऱ्याचे सहा महिने पूर्ण, रिपोर्ट स्वच्छ, टीम खूश. मी बाईंना एकटीला आत घेतलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोघांची आधार कार्डं, मुलांच्या फीच्या पावत्या, सगळं नीट लावलेलं. मी विचारलं, सहा महिने कसे काढले ओ यांनी? तर म्हणाल्या, "यांनी कुठे काढले मॅडम, मी काढले. एटीएम कार्ड माझ्या डब्यात, पगाराच्या दिवशी मी गेटवर उभी, कोपऱ्यावरच्या बारवाल्याला हात जोडून आले, रात्री दोनदा उठून बघायचे आहेत का अंथरुणात." मग त्यांनी विचारलं, ऑपरेशननंतर हंडा कधी उचलता येईल, पाणी दोन मजले खालून आणावं लागतं. मी सांगितलं, तीन महिने तरी जड काही उचलायचं नाही. गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तेवढे दिवस त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

हे कुठल्याच निकषात नाहीये बघा. आपण नवऱ्याची सोबरायटी मोजतोय असं समजतो आणि मोजतो बायकोची राखण. आणि जिने राखण केली तिचंच साठ-पासष्ट टक्के लिव्हर काढून तिला झोपवतो, नेमकं तेव्हा जेव्हा तो नवीन लिव्हर घेऊन, अंगात तरतरी येऊन घरी फिरायला लागतो. लिव्हर परत वाढतं, हो, पण डोनरचा जीव जाण्याचा धोका शून्य नाही, हजारात दोन ते पाच असा सांगतात, आणि तो तिला मराठीत, तिला कळेल असा, नवरा-सासू-दीर खोलीत नसताना सांगायचा असतो. 2014 च्या नियमांत चक्क लिहिलंय की डोनर बाई असेल तर जास्त काळजी घ्या, तिची स्वतंत्र संमती आहे याची खात्री पेशंटशिवाय दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. कागदावर उत्तम. पण "नाही म्हटलं तर सासरचे म्हणतील मीच मारलं" असं ती बोलली की संमती कुठल्या रकान्यात लिहायची?

तेव्हा आम्ही काय करतो ते सांगते. ती नाही म्हणाली तर बाहेर फक्त एवढंच जातं की या डोनर म्हणून बसत नाहीत. कारण सांगत नाही. यावर आमच्यातच वाद आहेत, काही सहकारी म्हणतात हे अर्धसत्य झालं, डॉक्टरने असं करू नये. मला ते पटत नाही. तिचा नकार हा तिचा मेडिकल रेकॉर्ड आहे, तो चुलत सासऱ्याने ऐकायची गरज नाही.

आता पैसे. खाजगीत वीस-पंचवीस लाख जातात. इन्शुरन्सच्या पॉलिसीत एक ठरीव वाक्य असतं, की दारूचं व्यसन आणि त्याचे परिणाम यावरचा उपचार बसत नाही. 'आणि त्याचे परिणाम' यात लिव्हर आलंच. दुसरीकडे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून आलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजारात धरलंय, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच वागवावं असंही त्याच कायद्यात आहे. दोन्ही कागद एकाच देशाचे! मी फाइलमध्ये दोन्हीच्या झेरॉक्स लावते, उपयोग दरवेळी होतोच असं नाही.

मग मी काय म्हणतेय, नियमच नको? तसं नाही. दारू चालू असताना ट्रान्सप्लांट करू नये, यावर माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ते सहा महिने आज नुसते वाट बघण्यात जातात. पेशंटला एक तारीख देतात आणि घरी पाठवतात. व्यसनाचा उपचार त्याच दिवशी, त्याच इमारतीत सुरू व्हायला हवा, मानसोपचार तज्ज्ञ ट्रान्सप्लांट टीममध्ये हवा, नुसता सही करायला नको. तपासणी बायकोच्या तोंडावर सोडू नका, तिला हेर करू नका, पेथ नावाची रक्ततपासणी आहे, मागच्या दोन-तीन आठवड्यांतलं पिणं त्यात कळतं, ती ठराविक दिवसांनी करा. आणि ऑपरेशननंतरही करा, शिक्षा म्हणून नाही, शुगर तपासतो तशी. एखादी स्लिप झालीच तर माणूस तोंड लपवून नवं लिव्हर शरीराने नाकारू नये म्हणून दिलेल्या गोळ्या बंद करतो, आणि मग दारूच्या आधी गोळ्या बंद झाल्यानेच लिव्हर जातं, त्याला परत येता आलं पाहिजे.

एक पोटतिडकीने सांगते. भिंतींवर जाहिराती असतात ना, 'न सांगता दारू सोडवा', त्या पुड्या चहात-भाजीत घालू नका. कित्येकदा त्यात डायसल्फिराम असतं, ते बिघडलेल्या लिव्हरवर अजून घाव घालतं, आणि वर त्याने दारू घेतली तर जिवावर बेततं. लिव्हर खराब असताना चालतील अशी औषधं वेगळी आहेत, ती डॉक्टरच देतील. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण आहे, ए.ए.च्या मीटिंगा गावोगाव होतात, फुकट असतात. कुणी पंढरीची माळ घालून सोडतो, तेही चालतं, माझ्याकडच्या काही फाइलींत माळेने जे झालं ते तीन ॲडमिशनने झालं नव्हतं.

कुणाच्या घरी हे चालू असेल तर पहिल्याच भेटीत एवढं विचारा, की तुमच्याकडे सहा महिने सरसकट आहेत की पेशंट बघून ठरवता, व्यसनाचा डॉक्टर कोण आहे आणि तो आम्हाला कधी भेटणार, डोनरशी एकटीशी कोण बोलणार, आणि ती झोपून असताना घरी काय व्यवस्था. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी समोरचा माणूस गडबडतो. गडबडू दे, उत्तर मिळेपर्यंत फॉर्मवर सही करू नका. चला, मागे कुणाचा तरी हात वर आहे मघापासून, बोला काका.